रुपया गिळणारा शॉर्टकट: एडिटरमधल्या कळा आणि माऊस यांना हात लावताना

आमच्या टीमने बनवलेला एक साधा टेक्स्ट एडिटर आहे. ऑफिसातली पंधरा-वीस माणसं टिपणं, पत्रं, बिलांचे मसुदे त्यातच लिहितात. त्यात मी एकदा एक सोय केली. कंट्रोल आणि आल्ट धरून १ ते ९ पैकी आकडा दाबला की त्या नंबरचा टॅब उघडायचा. जेमतेम दहा ओळींचा कोड. माझ्याकडे चालला, शेजारच्या मशीनवर चालला, शुक्रवारी सगळ्यांना दिला. सोमवारी सकाळी हिशेबाच्या टेबलावरून फोन आला: "अहो, रुपया उमटत नाहीये. बटण दाबलं की भलतंच पान उघडतंय."

मी आधी त्यांच्या कीबोर्डला दोष दिला. मग उठून त्यांच्या टेबलाशी गेलो. ते उजवा आल्ट धरून ४ दाबत होते, आणि दर वेळी चौथा टॅब उघडत होता. त्यांच्या विंडोजमध्ये 'इंग्लिश इंडिया' ही कीबोर्डची मांडणी (कोणत्या कळीवर कोणतं अक्षर, हे ठरवणारी सेटिंग) होती. २०१० साली ₹ हे चिन्ह अधिकृत झालं. या मांडणीत ते उजवा आल्ट आणि ४ यांवर आहे. अशा मांडण्यांमध्ये उजव्या आल्टला आल्ट-जीआर म्हणतात आणि विंडोज तो 'कंट्रोल आणि आल्ट एकत्र' असा कळवतं. माझ्या कोडला दिसलं: कंट्रोल, आल्ट, ४. त्याने टॅब उघडला आणि विंडोजला सांगितलं की ही कळ माझी, तू पुढे काही करू नकोस. रुपया वाटेतच गिळला गेला. माझ्या मशीनवर अमेरिकन मांडणी होती. तिथे उजवा आल्ट म्हणजे नुसता आल्ट, त्यामुळे मला हे कधी दिसणारच नव्हतं.

असा फटका बसलेला मी पहिला नाही. मीडियम या संकेतस्थळावरच्या एडिटरमध्ये २०१५ साली पोलिश लोकांना ś हे अक्षर टाईप करता येईना. बाकीची पोलिश अक्षरं नीट उमटायची, नेमकं हेच गायब. तो एडिटर मजकूर आपोआप सेव्ह करायचा. म्हणून कुणी सवयीने कंट्रोल-एस दाबलं तर ब्राउझरची 'पान सेव्ह करा' खिडकी उघडू नये, यासाठी ती जोडी अडवली होती. पोलिश मांडणीत ś आल्ट-जीआर आणि एस यांवर असतं. म्हणजे विंडोजवर ते कंट्रोल, आल्ट आणि एस. एडिटरने कंट्रोल पाहिला, एस पाहिला आणि कळ अडवली. आल्टही दाबलेला आहे का, हे विचारायचं राहून गेलं होतं.

दोन्ही ठिकाणी चूक एका ओळीची आहे, पण ती होते एकाच गैरसमजातून. कळ म्हणजे अक्षर, असं आपण धरून चालतो.

कीबोर्डवरून एडिटरपर्यंत येताना तीन वेगवेगळ्या गोष्टी घडतात. बोटाने एक कळ दाबली जाते. ती कीबोर्डवरची एक जागा असते. त्या जागेचं अक्षर कोणतं हे मांडणी ठरवते. आणि कधी कधी त्यातून अक्षर निघतच नाही, आज्ञा निघते: कॉपी कर, मागे जा, टॅब बदल. जागा, अक्षर आणि आज्ञा हे तीन टप्पे कोडमध्ये एकमेकांत मिसळले की गडबड सुरू होते.

समजा एडिटर शॉर्टकट अक्षरावरून ओळखतो. 'सी हे अक्षर आलं आणि कंट्रोल दाबलेला असेल तर कॉपी.' आता वापरणाऱ्याने इनस्क्रिप्ट ही देवनागरीची मांडणी लावली आहे. तिथे सी लिहिलेल्या कळीवर 'म' असतो. एडिटर सीची वाट बघत बसतो आणि कॉपी काही होत नाही. बरं, मग जागेवरून ओळखू. आता जर्मन मांडणीवाला माणूस येतो. त्याच्या कीबोर्डवर वाय आणि झेड यांची अदलाबदल आहे. तो झेड लिहिलेली कळ दाबून चूक मागे घ्यायला जातो, आणि जागेवरून ओळखणारा एडिटर तिला वाय समजून 'पुन्हा कर' चालवतो. मागे जायचं होतं, गेलो पुढे. म्हणून शॉर्टकट कधी अक्षरावरून, तर कधी जागेवरून ओळखावे लागतात. कोणता कसा, हे ठरवून एकाच ठिकाणी लिहून ठेवावं लागतं. ते कोडभर विखुरलं, तर पुढचा बदल करणारा, म्हणजे बहुधा आपणच, फसतो.

अक्षराच्या बाजूला आपल्यासाठी आणखी गंमत आहे. विंडोजच्या इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-७ दाबलं की 'क्ष' येतो. कळ एक, पण युनिकोडमध्ये (प्रत्येक चिन्हाला नंबर देणाऱ्या जागतिक पद्धतीत) आली तीन चिन्हं: क, हलन्त आणि ष. 'एक कळ, एक चिन्ह' असं धरून लिहिलेला कोड इथे पहिलंच चिन्ह उचलतो आणि नुसता 'क' उमटवतो.

उलटा प्रकार इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांचा. तिथे पाच-सहा कळा दाबल्यावर एक शब्द तयार होतो. तो तयार होत असताना अधोरेखित, अर्धवट अवस्थेत असतो. या काळात कळा एडिटरच्या नसतात, मधल्या लिपी-साधनाच्या असतात. ब्राउझरमध्ये अशा वेळी कळ दाबल्याची सूचना बहुधा २२९ या नंबरने येते. त्याचा अर्थ 'हे काम दुसरीकडे चाललंय, तू मध्ये पडू नकोस.' ज्या एडिटरला हे माहीत नसतं तो दोन ठरलेल्या चुका करतो. एक, अक्षर दोनदा उमटवतो. एकदा स्वतः, एकदा साधनाकडून. दुसरी चूक जास्त चिडवणारी. सुचवलेला शब्द निवडायला एंटर दाबावा, तर शब्द निवडला जातो आणि त्याच एंटरने नवी ओळही पडते. चॅटमध्ये हेच झालं तर अर्धं वाक्य समोरच्याला जातं. जपानी आणि चिनी लिहिणाऱ्यांना हा त्रास चांगला ओळखीचा आहे.

टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या मजकुराच्या आज्ञा-खिडकीत, चालणाऱ्या एडिटरची गोष्ट आणखी जुनी आणि, माझ्या मते, जास्त शिकवणारी. तिथे कळ येतच नाही, नुसते बाइट, म्हणजे ० ते २५५ मधले आकडे, येतात. एस्केप दाबलं की २७ हा बाइट येतो. वरचा बाण दाबला की तीन बाइट येतात, आणि त्यातला पहिला पुन्हा २७ च. त्यामागून मोठ्या लिपीतला ओ आणि ए (किंवा ओच्या जागी चौकोनी कंस). म्हणजे २७ आला की एडिटरपुढे प्रश्न उभा राहतो: माणसाने एस्केप दाबलं, की हा बाणाचा पहिला तुकडा आहे? बाइट बघून उत्तर मिळत नाही. थोडं थांबून बघावं लागतं.

किती थांबायचं? व्हिम या टर्मिनलमधल्या एडिटरमध्ये ही मर्यादा मुळात १००० मिलिसेकंद होती. आठव्या आवृत्तीसोबत येणारी सुरुवातीची सेटिंग्ज कळांच्या संकेतांसाठी ती १०० वर आणतात. निओव्हिम या त्याच्या नव्या अवतारात ती ५० आहे. मध्ये टीमक्स (एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनल चालवणारा प्रोग्राम) बसवलं की त्याचं वेगळं थांबणं, जे बरीच वर्षं ५०० मिलिसेकंद होतं. जास्त थांबलं तर एस्केप दाबल्यावर एडिटर पेंगल्यासारखा वाटतो. कमी थांबलं तर संथ नेटवर्कवर बाणाचे तुकडे पडतात: २७ आधी पोचतो, बाकीचे दोन मागून रेंगाळत येतात. मग व्हिमला वाटतं एस्केप दाबलं, तो लिहिण्याच्या अवस्थेतून बाहेर येऊन आज्ञांच्या अवस्थेत जातो. पुढचा ओ म्हणजे 'वर नवी ओळ उघड' ही आज्ञा. आणि शेवटचा ए त्या ओळीवर अक्षर म्हणून उमटतो. बाण दाबल्यावर एकाखाली एक ए आणि बी पडत जाण्याचा अनुभव दूरच्या सर्व्हरवर काम करणाऱ्या अनेकांनी घेतला असेल. ते यातून येतं.

म्हणून कुणी 'एस्केप जरा जलद करू या' म्हणत हा आकडा ५ वर आणला, तर त्याच्या टेबलावर सगळं छान चालेल. बिघाड दिसेल तो मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून सर्व्हरला जोडलेल्या माणसाला. रुपयाचंही तसंच झालं होतं. इनपुटच्या कोडमधला बिघाड बदल करणाऱ्याच्या मशीनवर सहसा दिसत नाही, आणि सावधगिरी बाळगायची ती मुख्यतः याचसाठी.

टर्मिनलने माऊसच्या बाबतीत मात्र एक बदल फार शहाणपणाने केला. एक्सटर्म या टर्मिनल प्रोग्रामच्या जुन्या पद्धतीत क्लिक कुठे झालं हे सांगताना रकान्याच्या नंबरात ३२ मिळवून तो एका बाइटमध्ये पाठवत. बाइटमध्ये जास्तीत जास्त २५५ मावतात, म्हणजे २२३ व्या रकान्यापलीकडचं क्लिक सांगायची सोयच नाही. ८० रकान्यांच्या पडद्यावर कुणाला फिकीर नव्हती. रुंद मॉनिटर आले आणि पडद्याच्या उजव्या भागात माऊस चालेनासा झाला. शिवाय बटण सोडल्याचं कळे, पण कोणतं सोडलं ते कळत नसे. नव्या पद्धतीत आकडे सरळ आकडे म्हणून लिहून पाठवतात, आणि दाबणं-सोडणं शेवटच्या अक्षरावरून ओळखू येतं: मोठ्या लिपीतला एम म्हणजे दाबलं, छोट्या लिपीतला म्हणजे सोडलं.

पण जुनी पद्धत बदलली नाही. नवी पद्धत हवी असेल त्या प्रोग्रामने सुरू होताना १००६ या नंबराची मागणी करायची. जो मागणार नाही, त्याला जुनंच मिळेल. पेस्ट केलेला मजकूर टाईप केलेल्या मजकुरापासून वेगळा ओळखण्याची सोयही अशीच, २००४ या नंबराने मागून घ्यायची. जुना कुठलाही प्रोग्राम मोडला नाही. अट एवढीच की बाहेर पडताना मागणी परत घ्यायची. एडिटर मध्येच कोसळला आणि हे राहून गेलं, तर नंतर टर्मिनलमध्ये माऊस हलवला की अक्षरांचा कचरा पडत राहतो. त्यामुळे असा बदल करताना 'सुरू कसं करायचं' याच्याइतकंच लक्ष 'कोसळताना बंद कसं होईल' याकडे द्यावं लागतं.

याउलट व्हिम ८ मधला प्रकार, साल २०१६. ज्यांनी स्वतःची सेटिंग्जची फाइल केलेली नाही त्यांच्यासाठी माऊस आपोआप चालू झाला. तांत्रिकदृष्ट्या त्यात काहीच बिघाड नव्हता. पण तोवर माऊसने मजकूर निवडला की ती निवड टर्मिनल करायचं, आणि उजव्या किंवा मधल्या बटणाने तो पेस्ट व्हायचा. आता निवड व्हिमच्या ताब्यात गेली. सर्व्हरवर लॉगिन करून दोन ओळी कॉपी करणाऱ्यांना वाटलं काहीतरी मोडलं. शिफ्ट धरून निवडलं तर जुनं वागणं मिळतं, हे माहीत असणारे थोडे. २०२२ मध्ये निओव्हिमच्या ०.८ आवृत्तीनेही माऊस आपोआप चालू केला, पण उजव्या क्लिकच्या मेनूमध्येच 'माऊस बंद कसा करायचा' अशी ओळ ठेवली. माणूस जिथे अडखळणार तिथेच उत्तर. मला ही युक्ती फार आवडते.

ग्राफिक एडिटरमध्ये माऊसची मुख्य भानगड अवस्थेची असते. दाबणं, ओढणं, सोडणं अशी साखळी असते आणि कोड धरून चालतो की दाबलं म्हणजे कधीतरी सोडल्याची सूचना येईलच. ती येईलच असं नाही. मजकूर निवडत माऊस खिडकीबाहेर नेला आणि तिथे बटण सोडलं, किंवा मध्येच दुसऱ्या प्रोग्रामची खिडकी पुढे आली, तर ती सूचना हरवू शकते. मग माणूस परत येतो, नुसता माऊस हलवतो आणि निवड त्याच्या मागे मागे धावते. आल्ट-टॅबने बाहेर गेल्यावर आल्ट दाबलेलाच राहिला असं एडिटरला वाटत राहणं, हे त्याचंच भावंड. उपाय माहीत आहेत: ओढताना माऊस खिडकीने धरून ठेवायचा, पकड सुटली तर निवड तिथेच थांबवायची, आणि हलल्याची प्रत्येक सूचना येताना बटण खरंच दाबलेलं आहे का ते विचारायचं. आठवणीवर भरवसा ठेवायचा नाही.

चाकाचीही एक बारीक खोच आहे. विंडोजवर चाकाचा एक खटका म्हणजे १२० हा आकडा. टचपॅड किंवा गुळगुळीत फिरणारं चाक १२० पेक्षा लहान तुकडे पाठवू शकतं. कोडने आलेल्या आकड्याला १२० ने भागून पूर्णांक घेतला की उत्तर दर वेळी शून्य, आणि पान हलतच नाही. उरलेले तुकडे साठवत जावे लागतात.

आता प्रत्यक्ष बदल. रुपयाच्या फोननंतर मी तो शॉर्टकट तात्पुरता काढून टाकला आणि मग जे करायला हवं होतं ते उशिरा केलं.

आधी, आज काय होतं ते लिहून काढलं. कोणती सूचना आली, कोणत्या क्रमाने, आणि शेवटी मजकुरात काय उमटलं. यासाठी एडिटरमध्ये नोंद ठेवणारा छोटा भाग घातला, पण फक्त माझ्या चाचणीच्या आवृत्तीत. कळांची नोंद म्हणजे माणसाने टाईप केलेलं सगळं, पासवर्डसकट. ती लोकांच्या मशीनवर चालू करणं म्हणजे स्वतःच पाळत ठेवण्याचं सॉफ्टवेअर बसवणं.

त्या नोंदींवरून टेस्ट, म्हणजे कोड आपोआप तपासणाऱ्या ओळी, लिहिल्या. एका टेस्टची ओळ अशी दिसते: 'उजवा आल्ट + ४ → मजकुरात ₹, टॅब जागचा हलू नये.' दुसरी: 'शिफ्ट + ७ → तीन चिन्हं, एकदा मागे घेतलं की तिन्ही जावीत.' विचित्र वाटणारं वागणंही जसंच्या तसं टेस्टमध्ये ठेवलं. ते चूक आहे की कुणाची सवय, हे त्या दिवशी ठरवायचं नव्हतं.

मग कोडची फोड केली: जागा, अक्षर, आज्ञा. या फेरीत वागणं अजिबात बदलायचं नाही, टेस्ट जशा होत्या तशाच पास व्हायला हव्यात. वागण्यातला बदल पुढच्या फेरीत, आणि तोही एका वेळी एक. दोन्ही एकत्र केले तर टेस्ट पडल्यावर फोड चुकली की बदल चुकला हे शोधण्यात दिवस जातो.

एक नियम मात्र पक्का केला. न ओळखलेली कळ गिळायची नाही, पुढे जाऊ द्यायची. ओळखलेल्या कळीच्या बाबतीतही, तिच्यातून अक्षर निघणार असेल तर अक्षराचा हक्क आधी. आकड्यांसाठी कंट्रोल-आल्ट ही जोडी सोडूनच दिली.

यानंतर काही दिवस जुना आणि नवा असे दोन्ही रस्ते एकाच वेळी चालवले. प्रत्येक कळीला दोघांनी निर्णय द्यायचा, पण अंमल जुन्याचाच. निर्णय वेगळे पडले तर तेवढीच नोंद, तीही आज्ञेच्या नावाची, अक्षराची नाही. यातून नंबर पॅडच्या एंटरची एक चूक सापडली. ती मला टेस्टमध्ये सुचलीच नव्हती.

नवं चालू केलं तेव्हा जुन्याकडे परतायचा मार्ग सेटिंग्जच्या फाइलमध्ये ठेवला, मेनूमध्ये नाही. कीबोर्ड-माऊसचाच कोड बिघडला तर त्याच कीबोर्ड-माऊसने मेनू उघडून दुरुस्ती करा असं सांगण्यात अर्थ नसतो. फाइल दुसऱ्या कुठल्याही एडिटरने बदलता येते.

एक धोका मात्र या सगळ्या जाळ्यातून निसटतो, आणि तो देवनागरीचा आहे. 'स्त्री' या शब्दात युनिकोडची सहा चिन्हं आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. उजवा बाण किती दाबांत हा शब्द ओलांडेल? अनेक एडिटर हे युनिकोडच्या नियमांवर चालणाऱ्या लायब्ररीला, म्हणजे तयार कोडच्या संचाला, विचारतात. जुन्या नियमांनुसार त्याचे तीन तुकडे पडायचे: स्, त्, री. २०२३ मध्ये आलेल्या युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरं एकत्र धरण्याचा नियम आला आणि 'स्त्री' हा एकच तुकडा झाला. लायब्ररीची आवृत्ती वाढवली की बाणाच्या तीन दाबांचा एक दाब होतो, इनपुटच्या कोडला कुणी हात न लावता. बाणाला ते शोभतं. पण बॅकस्पेसही त्याच तुकड्यांवर चालत असेल, तर वेलांटी चुकली म्हणून एकदा दाबावं आणि अख्खी स्त्री नाहीशी व्हावी. मराठी लिहिणाऱ्याला बॅकस्पेसने शेवटचं चिन्हच जावं अशी सवय असते: आधी वेलांटी, मग र, मग हलन्त. म्हणून बाण आणि बॅकस्पेस यांचे नियम वेगळे ठेवले आणि 'स्त्री', 'क्ष', 'वाऱ्या' हे तीन शब्द टेस्टमध्ये टाकले.

सगळं झाल्यावर हिशेबाच्या टेबलाशी जाऊन सांगितलं की आता बघा. त्यांनी उजवा आल्ट आणि ४ दाबला, रुपया उमटला, मान डोलावली. मग विचारलं, "आणि ते चौथं पान? मधल्या दिवसांत ते बरं पडत होतं." नव्या जोडीची चिठ्ठी त्यांच्या मॉनिटरला चिकटवून आलो.